स्विचवर राहिलेलं कुलूप

घुम्याची आई आभार मानण्यात अगदी कच्ची. कुणी काही चांगलं केलं की तिचा चेहरा उलट रागावल्यासारखा होतो आणि तोंडातून कसंबसं "बरं" एवढंच बाहेर पडतं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिच्यासोबत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका यावरून तिची भरपूर टर उडवतात. पण एका कुलपाचा विषय निघाला की हीच बाई हातातली चादर बाजूला टाकून बोलायला लागते, आणि मग तिला मध्येच थांबवायची कुणाची टाप नसते. कुलूप तसं साधंच आहे. तळहातात मावेल एवढं, लाल रंगाचं, त्यावर पांढऱ्या रंगानं तिच्या मुलाचं टोपणनाव लिहिलेलं. आजही तो ते पट्ट्याला अडकवून कामावर जातो, आणि एखाद्या दिवशी दिसलं नाही तर ती त्याला दारातून परत पाठवते.

घुम्या हे नाव तिचंच. पोरगा लहानपणापासून असा, की विचारलं तर उत्तर नाही, रागावलं तर रडणं नाही, आणि आनंद झाला तरी ओठाचा एक कोपरा तेवढा हलणार. वडील गेल्यावर तर त्यानं बोलण्याचा संपच पुकारला. शाळा कशीबशी संपवली आणि घरात बसला. आईनं चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला, पण सगळीकडे एकच प्रश्न. त्याला येतं काय? घुम्याला काहीच येत नव्हतं, हे ती कुठल्या तोंडानं सांगणार? दिवसभर तो खिडकीत बसायचा. जेवायला हाक मारली की मुकाट येऊन जेवायचा, की परत खिडकी. कामावरून आल्यावर त्याची ती पाठ बघून तिला वाटायचं, आपण या पोराला वाढवलं खरं, पण पुढं याचं करायचं काय?

मग खिडकी रिकामी दिसू लागली. पोरगं बाहेर पडतंय म्हणून आधी तिला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. चौकात रंगाचं एक दुकान होतं, कैक वर्षं बंद पडलेलं. त्याच्या वरच्या खोलीत एक दादा बसायचा. हा दादा कधी आवाज चढवायचा नाही. पोरांना चहा पाजायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि आपल्या माणसांवर आजवर काय काय अन्याय झाले ते शांतपणे सांगायचा. त्यातलं बरंचसं खरं होतं, हीच तर पंचाईत. सगळं खोटं असतं तर पोरं हसून घरी आली असती. दुखणं खरं होतं, पण दादा त्यावर जे औषध सांगायचा ते भलतंच होतं. 'त्यांची' दुकानं, 'त्यांची' माणसं, 'त्यांना' एकदाचा धडा शिकवायचा. आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला तो 'वाघ' म्हणायचा. ज्याला दिवसभरात कुणी साधं 'काय रे' म्हणून विचारत नाही, त्याला कुणी वाघ म्हटलं तर तो जाणार नाही तर काय करणार?

बेकरीवाल्याचा धाकटा असाच गेला होता. दादाचं कुठंतरी शिबिर असतं म्हणून एका गाडीत बसला, आणि त्यानंतर दिसला तो थेट वर्तमानपत्रात, बाजारातल्या आगीच्या बातमीखाली. त्या आगीत माणसं गेली होती. बेकरीवाला अजूनही पाव बांधून देताना गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही. घुम्याची आई त्याच्याकडून पाव घ्यायची आणि घरी येताच आधी खिडकीकडं बघायची.

अशात रोजगार केंद्रानं लिफ्ट दुरुस्तीचा वर्ग काढला. ही बातमी कानावर पडायची खोटी, आईनं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि घुम्याला जवळजवळ बखोट धरून तिथं नेलं. उद्घाटनाला एक साहेब आले होते. वस्तीतले तरुण चुकीच्या वाटेला लागू नयेत, त्यांच्या हाताला काम मिळावं, वगैरे बरंच काही ते बोलले. ते आटोपल्यावर शिकवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, खिशांवर ग्रीसचे डाग, आणि डावा पाय ओढत चालणाऱ्या. म्हणाल्या, "वाटेचं मला काही कळत नाही. मला लिफ्ट कळते. ज्याला शिकायचंय त्यानं उद्या सकाळी यावं. नखं कापून यावं." मागं उभ्या असलेल्या आईनं मनात म्हटलं, ही बाई चालेल.

काही दिवसांनी जेवताना घुम्या एकदम म्हणाला, "बाई खड्ड्यात होत्या."

आईचा घास हातातच राहिला. "कुठल्या खड्ड्यात?"

आणि मग तो बोलत सुटला. लिफ्टचा डबा ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जातो, त्या शाफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. बाई तरुणपणी त्या खड्ड्यात उतरून काम करत होत्या. वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मेन स्विच बंद करून त्याला त्यांनी आपलं कुलूप लावलं होतं. वरच्या माणसाला वाटलं, बाई घरी गेल्या आणि कुलूप काढायला विसरल्या. त्यानं ते कापलं आणि स्विच चालू केला. बाईंचा पाय वाचला, पण चाल गेली. म्हणून त्यांच्या वर्गात एक कायदा होता. बंद स्विचला एक लोखंडी पट्टी लावायची. त्या पट्टीला भोकं असतात, आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकानं तिच्यात स्वतःचं कुलूप अडकवायचं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली एकच, ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, सख्ख्या आईच्यासुद्धा नाही. एक जरी कुलूप पट्टीवर राहिलं तरी लिफ्ट हलायची नाही, आणि ज्याचं ते आहे तो धडधाकट समोर दिसल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही.

"त्या कुलपाचा अर्थ एकच," घुम्या म्हणाला. "माणूस आत आहे."

एवढं बोलून तो पाणी प्यायला आणि परत गप्प झाला. वर्षभराचा कोटा त्यानं एका जेवणात संपवला होता. आईच्या ओठावर चार प्रश्न आले होते, पण आपल्याच बोलण्यानं याचं बोलणं बंद व्हायचं, म्हणून तिनं ते गिळले.

सगळं तेवढ्यावर मार्गी लागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. घुम्या दिवसा वर्गात जायचा आणि संध्याकाळी त्या खोलीत. बाईंकडं तो गाढव होता आणि दादाकडं वाघ. बाई तारेचं टोक नीट सोललं नाही म्हणून सगळ्यांसमोर झापायच्या, आणि तेच काम पुन्हा, परत पुन्हा करायला लावायच्या. दादा नुसता खांद्यावर हात ठेवायचा. तुम्हीच सांगा, त्या वयात कुणाला गाढव व्हायला आवडेल? आईला ती ओढाताण दिसत होती. कधी तो हाताला ग्रीस घेऊन घरी यायचा आणि पिनेनं नखं साफ करत बसायचा, तेव्हा तिला वाटायचं, आलं पोरगं ताळ्यावर. कधी तो नुसता भिंतीकडं बघत पडायचा, आणि तिला बेकरीवाल्याचे डोळे आठवायचे.

त्या दिवशी दुपार कलल्यावर धुलाईखात्याच्या दारात मिरची येऊन उभी राहिली. ही घुम्याच्या वर्गातली मुलगी, जिभेवरून हे नाव पडलेलं. पण त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. धावत आल्यामुळं तिला धाप लागली होती.

"मावशी, घुम्या घरी आलाय का?"

"तुमच्याबरोबर कामाला गेलाय ना तो? त्या म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट दुरुस्तीला?"

"जेवायच्या सुट्टीपर्यंत होता. नंतर दिसलाच नाही. फोन बंद लागतोय. आम्ही सगळ्यांनी आपापली कुलपं काढली, आणि पट्टीवर एकच राहिलंय. त्याचं."

आईनं हातातली चादर खाली ठेवली. कुलपाचा अर्थ तिला पाठ होता.

"बाई खड्ड्यात उतरल्यात," मिरची म्हणाली. "डब्याच्या टपावर चढून बघितलं, टॉर्च मारून सगळा शाफ्ट बघितला. सारख्या हाका मारतोय. पण मावशी, तो घुम्या. त्यानं हाकेला कधी ओ दिलीय का?"

पोरीला रडू फुटलं. घुम्याच्या आईला रडूसुद्धा येईना. तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, आणि दोन्ही नको होत्या. एक तर पोरगा त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये कुठंतरी पडला असेल, नाहीतर दादाच्या गाडीत बसून निघून गेला असेल. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटून गेलं की तो शाफ्टमध्ये सापडला तर बरं. हातपाय मोडले असतील, पण आपला असेल. आईच्या मनात असं यावं याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत होती. माझं विचाराल तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

मिरचीला तिनं परत पाठवलं आणि स्वतः आधी चौकात गेली. रंगाच्या दुकानाचा तो जिना ती जन्मात पहिल्यांदा चढली. वर दार सताड उघडं. खोलीत एकच पोरगा होता, चहाचे रिकामे ग्लास गोळा करत होता. जमिनीवर सतरंजी अर्धी गुंडाळलेली.

"सगळे कुठं गेले?" तिनं विचारलं.

"शिबिराला. दुपारीच गेली गाडी."

"माझा मुलगा होता का त्यात?" तिनं त्याचं शाळेतलं नाव सांगितलं. पोरानं 'नाही' म्हणून मान हलवली. मग तिनं टोपणनाव सांगितलं. उंची सांगितली, शर्टाचा रंग सांगितला, डाव्या भुवईवर व्रण आहे, बोलत नाही फारसा, रोज यायचा हो इथं.

पोरानं खांदे उडवले. "मावशी, इथं कुणी कुणाला नावानं ओळखत नाही. सगळे वाघच. गाडी भरली की झालं."

तो ग्लास घेऊन आत निघून गेला. ती जिन्यावर कठडा धरून उभी राहिली. रोज संध्याकाळी ज्यांच्यासाठी तो जेवण तसंच टाकून धावत सुटायचा, त्यांना त्याच्या भुवईवरचा व्रणसुद्धा माहीत नव्हता. तिला राग यायला हवा होता, पण तिला पोराची नुसती कीव आली. मग ती खाली उतरली आणि त्या बिल्डिंगकडं चालू लागली. जायचं एवढ्यासाठी, की बाईंना सांगावं, तो गेला, आता त्या अधू पायानं त्याला शोधू नका.

आठ मजली बिल्डिंग ती. राहणारे बहुतेक म्हातारे. जिन्यात पायऱ्या-पायऱ्यांवर माणसं बसली होती. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या हातात काठी, कुणी डॉक्टरकडून येऊन वर चढण्याआधी दम खात होतं. तिनं मान खाली घातली आणि सगळ्यांना चुकवत वर गेली. आपल्या पोरामुळं हे चाललंय, हे तिच्या कपाळावर लिहिल्यासारखं तिला वाटत होतं.

मशीन रूमच्या दाराशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. नोकरीतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीत होता. त्यांच्या हातात भलीमोठी कात्री होती, लोखंड कापायची.

"मी शेवटचं सांगतोय," ते म्हणत होते. "तुम्ही कापत नसाल तर मी कापतो. माणसं जिन्यात अडकून पडलीत. एका पोरासाठी अख्खी बिल्डिंग वेठीला धरायची? त्याला काय सोनं लागलंय?"

"हो," बाई म्हणाल्या.

एवढंच. गुडघ्यापर्यंत खड्ड्यातली घाण, कपाळाला ग्रीस, आणि एका हातानं पाठीमागची ती पट्टी धरलेली. पट्टीवर एकटं लाल कुलूप लोंबत होतं. घुम्याची आई ते पहिल्यांदाच पाहत होती. पांढऱ्या रंगातलं ते नाव तिनं दोनदा वाचलं.

"कापा ते, बाई," ती म्हणाली. "मी त्याची आई. तो आत नाही."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "जाताना पाहिलंत?"

"नाही. पण गेलाय. त्या दादाच्या गाडीत गेलाय. मी खोलीवर जाऊन आले."

"तिथं कुणी पाहिलं त्याला गाडीत बसताना?"

"त्यांना तो कोण ते माहीतच नाही."

"मग तो आत आहे."

"अहो बाई, पण..."

"हे बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला. "मी येडी नाही. मलाही वाटतंय की तो गेलाय. पण मी खड्ड्यात होते तेव्हा वरच्यालासुद्धा वाटलंच होतं. नुसतं वाटलं म्हणून मी कुणाचं कुलूप कापत नाही. तो मला डोळ्यांनी दिसेपर्यंत तो माझ्याकडं कामावर आहे." मग सेक्रेटरींकडं वळून, "तुमच्या पाण्याच्या टाक्यांमागं कुणी बघितलं का?"

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले. पण कात्री खाली ठेवून त्यांनी टॉर्च घेतली आणि टाक्यांमागं गेले, हे सांगायलाच हवं.

घुम्याची आई तिथंच भिंतीला टेकून बसली. घुम्यासाठी आजवर कधी काही थांबलं नव्हतं. तो मागं पडला म्हणून शाळा थांबली नाही. वडील गेले तेव्हा घरमालक थांबला नाही. तीसुद्धा थांबली नव्हती, तिला ड्यूटी होती. आणि आज आठ मजल्यांची एक अख्खी बिल्डिंग त्याच्यासाठी थांबली होती, कारण एका लंगड्या बाईनं ठरवलं होतं की हा पोरगा सापडल्याशिवाय काही हलणार नाही. तिला बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"बरं," ती म्हणाली. बाईंचं लक्षही नव्हतं. त्या परत टपावर उतरायला निघाल्या होत्या.

हळूहळू बिल्डिंगचा सूरच बदलत गेला. सगळ्यांना आधी लिफ्ट हवी होती, पण आत एक मुलगा असू शकतो हे एकाकडून दुसऱ्याकडं गेलं, तशी कुरकुर थांबली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वर्गातल्या मुलांना पाणी दिलं. एक काठीवाले काका तळघरात जाऊन प्रत्येक गाडीखाली वाकून बघून आले, आणि वाकलेले परत सरळ होईनात म्हणून मिरचीला त्यांना धरून आणावं लागलं. प्रत्येक मजल्यावरून घुम्याच्या नावानं हाका चालू होत्या. इतक्या लोकांच्या तोंडी आपल्या मुलाचं नाव आई पहिल्यांदाच ऐकत होती.

उन्हं गच्चीच्या कठड्यापर्यंत उतरली, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. धडाधड दोन-दोन पायऱ्या. पावलांवरूनच तिला कळलं.

घुम्या मशीन रूमच्या दारात आला आणि चौकट धरून उभा राहिला. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. खालचा ओठ सुजला होता. उजव्या हाताची मूठ गच्च आवळलेली. त्यानं आईकडं पाहिलं, पट्टीवरच्या कुलपाकडं पाहिलं आणि म्हणाला, "किल्ली माझ्याकडं राहिली."

बाई टपावरून वर आल्या. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. मग दंडाला हात लावून पाहिलं, जणू डोळ्यांवर पुरता भरवसा नव्हता. "चक्कर येतेय का? कुठं लागलंय? बोटं हलव." त्यानं हलवली. "उघड," त्या म्हणाल्या.

त्यानं मूठ उघडली तेव्हा किल्लीचे दाते तळहातावर उमटलेले आईला दिसले. कुलूप निघालं. बाईंनी पट्टी काढली, स्विच वर केला, आणि मशीन घरघरलं. खाली कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी ओरडलं, "चालू झाली!" आणि लगेच दुसरा आवाज, "म्हणजे सापडला!"

काय झालं ते घुम्यानं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. जेवायच्या सुट्टीत निरोप आला होता की गाडी आजच निघतेय, आत्ता. तो तसाच गेला. डोकं कुठं होतं ते त्यालाही सांगता येईना. गावाबाहेर बरंच लांब एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली आणि एक पिशवी फिरली. सगळ्यांनी आपले फोन, पाकिटं, किल्ल्या तिच्यात टाकायच्या. यापुढं कशाचीच गरज नाही, दादा म्हणाला. घुम्यानं फोन टाकला. घराची किल्ली टाकली. मग त्याच्या हाताला ही लागली.

"ही टाकता येईना," तो म्हणाला.

"का?" आईनं विचारलं.

"दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते ना."

गाडीतले हसले. दादाही हसला. म्हणाला, वाघा, कुलपाचं काय घेऊन बसलास, कापतील ते. त्यावर घुम्या बोलला. त्या खोलीत इतके दिवस जाऊन बहुधा पहिल्यांदाच बोलला. नाही कापणार, तो म्हणाला. का नाही कापणार? तर म्हणाला, ते मला शोधत असतील.

दादाला हे काही उमजलं नाही. घुम्या उतरू लागला तेव्हा कुणीतरी खिसा धरला, कुणीतरी तोंडावर मारलं. दादानं नेहमीच्याच शांत आवाजात ड्रायव्हरला सांगितलं, चल, एक गेला तर गेला, उशीर होतोय. आणि गाडी खरंच निघून गेली. घुम्या रस्त्यानं पळत सुटला, मग एका टेम्पोवाल्यानं त्याला मागं बसू दिलं. त्या गाडीतल्या बाकीच्यांचं पुढं काय झालं ते त्या गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याही आया आहेत. ते मी इथं उगाळत नाही.

सगळं ऐकून झालं, आणि मग बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. किल्ली खिशात घालून निघून कोण जातं? गाढवा, अक्कल गहाण ठेवलीस का? हा पाय घेऊन मी खड्ड्यात कितीदा उतरले माहिती आहे? तुझ्या आईचं तोंड बघ जरा! घुम्या मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा, सुजलेला नव्हता तो, किंचित हलत होता. आईनं ते पाहिलं. गाढव म्हणवून घेण्यात पोराला एवढं सुख लागलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"आता खाली जायचं," बाई म्हणाल्या. "प्रत्येक दारात. माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला, माफ करा, असं म्हणायचं. तोंडानं. मान हलवून चालणार नाही."

एक वेळ तो दादाच्या गाडीपुढं आडवा पडला असता, पण हे म्हणजे घुम्यासाठी फाशीच. तरी निघाला. मागं आई, तिच्या मागं एक-एक पायरी उतरत बाई. आठव्यावर तो इतका हळू बोलला की दार उघडणाऱ्यांनी त्याला कुरिअरवाला समजून सही करायला पेन मागितलं. सातव्यावर जरा बरं झालं. पण कुणी रागावलंच नाही, आणि त्यामुळं तो जास्तच कानकोंडा झाला. जो तो त्याला वरखाली बघायचा, ओठाला काय झालं विचारायचा, आणि मागं उभ्या असलेल्या आईला म्हणायचा, "सापडला ना? बरं झालं." सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या पँटला टाक्यांमागचं शेवाळ लागलेलं होतं. "हाच का तो?" त्यांनी विचारलं, आणि घुम्या तोंड उघडायच्या आत, "पुढच्या वेळी सांगून जा," एवढं म्हणून दार लावलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पहिल्या मजल्यावर एक आजी राहायच्या, कानानं पार बहिऱ्या. दुपारपासून बिल्डिंगमध्ये काय गडबड चाललीय ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत बसल्या होत्या.

"माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला, माफ करा," घुम्या म्हणाला.

"आँ? ते राहू दे. कोण हरवलं होतं रे?"

"मी."

"आँ?"

"मी, आजी."

"मोठ्यानं बोल बाबा. खाल्लं नाहीस का काही? कोण हरवलं होतं?"

घुम्यानं मागं वळून आईकडं पाहिलं. एरवी त्याच्या वतीनं बोलायला ती एका पायावर तयार असायची. या वेळी ती गप्प राहिली. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"मी!" तो ओरडला, आणि जिना वरपर्यंत घुमला. "मी हरवलो होतो, आजी!"

"अगं बाई!" आजी म्हणाल्या. "मग? सापडलास का?"

"सापडलो!"

वरच्या मजल्यांवर दारं उघडल्याचे आवाज आले. काठीवाले काका कुठूनतरी म्हणाले, "कळलं रे, कळलं सगळ्यांना!" आणि जिनाभर हशा पिकला. घुम्या कानापर्यंत लाल झाला होता, पण मान खाली घातलेली नव्हती.

त्याची आई बाईंकडं वळली. तिला खूप बोलायचं होतं. त्या खोलीतल्या ग्लास गोळा करणाऱ्या पोराबद्दल, बेकरीवाल्याबद्दल, त्या खिडकीबद्दल. बाई लिफ्टच्या दाराला टेकून अधू पायाचा गुडघा चोळत उभ्या होत्या.

"बरं," घुम्याची आई म्हणाली, आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

बाईंनी तिचं रडून होईपर्यंत लिफ्टचं दार हातानं उघडं धरून लिफ्ट थांबवून ठेवली. वरून कुणीतरी सारखी बेल मारत होतं.